चाळ आणि वहाण

मराठी भाषेने पायातल्या वस्तूंना कधी फारसा मान दिलेला नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपल्या घराघरांतून सुनांना आणि नोकरांना ऐकविली गेली. 'पायात चाळ बांधणे' हा वाक्प्रचार तर तिच्याहूनही बोचरा. चाळ म्हणजे घुंगरांची माळ. पण एखादीने पायात चाळ बांधले असे कोणी म्हटले, की तिने घर सोडले, नाव सोडले, अब्रू सोडली असाच अर्थ ऐकणाऱ्याने घ्यावयाचा. ज्या वस्तूच्या नुसत्या नादाने पाच वर्षांचे मूल टाळ्या पिटू लागते, त्या वस्तूचे नाव भाषेत शिवीसारखे का वापरले जावे, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळत होता. त्याचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. युरोपात नाचणाऱ्याच्या जिव्हाळ्याची वस्तू म्हणजे त्याचा जोडा. बॅलेची नर्तकी पहिल्यांदा रेशमी जोडा पायात घालते तो दिवस ती जन्मभर विसरत नाही म्हणतात. आपल्याकडे नर्तक अनवाणीच नाचतो. रंगभूमी हीदेखील भूमीच. तिला आधी नमस्कार करावयाचा, आणि मग उघड्या पावलांनी तिच्यावर उभे राहावयाचे. त्यामुळे आपल्या नर्तकांच्या वाट्याला नव्या जोड्याचा आनंद आला तो चाळांच्या रूपाने. चाळ घोट्यावर चढतात, कपाळाला लावून मगच बांधले जातात, आणि निजताना उशाशी ठेवले जातात. वहाणेला हा मान कोठून मिळणार?

या कथेची सुरुवात आम्ही वाशीमपासून करतो. वाचकांना याचे आश्चर्य वाटेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, कापूस-सोयाबीन पिकविणारा आणि अमरावती धर्मप्रांतात मोडणारा हा लहानसा जिल्हा नृत्याच्या इतिहासात कोठून आला? पण वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ती राजधानी होती. या शाखेचा पाचव्या शतकातील राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी कोरली व रंगविली गेली. सोळा क्रमांकाचे लेणे तर त्याचा मंत्री वराहदेव याने दिलेले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाची कथा रंगविली आहे आणि तीत नृत्याचा एक प्रसंग आहे. मध्यभागी नर्तकी, भोवती बासरी, झांजा आणि मृदंग वाजविणाऱ्या स्त्रिया. अजिंठ्यास गेलेल्या ज्या वाचकांनी तो प्रसंग घाईत ओलांडला असेल, त्यांनी पुढच्या खेपेस तेथे थोडे थांबावे. देह एका बाजूला झुकविलेली ती नर्तकी ज्या चित्रकाराने काढली, त्याने नाच नुसता पाहिलेला नव्हता. त्याला तो आवडलेला होता.

वत्सगुल्माचा दुसरा उल्लेख याहून गोड आहे. राजशेखर हा नवव्या-दहाव्या शतकांतील संस्कृत पंडित. कनोजच्या प्रतीहार राजांच्या पदरी असला तरी त्याचे कूळ महाराष्ट्रातले. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक रूपककथा येते. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला परत आणावे म्हणून गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. पूर्वेस जाते, पांचालात जाते, अवंतीस जाते, शेवटी दक्षिणेस येते. प्रत्येक प्रदेशात ती तेथल्यासारखा वेष करते, तेथल्यासारखी नाचते-गाते, तेथल्यासारखी बोलते. पूर्वेकडे तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हळूहळू मात्र त्याचे मन वळते. विदर्भात ती नाना प्रकारचे नृत्य, गीत आणि वाद्य यांनी नटलेली कैशिकी वृत्ती दाखविते आणि तेथे तो पुरता तिचा होतो. दोघांचे लग्न लागते ते वत्सगुल्म नगरीत. ही कथा इतिहास म्हणून वाचावयाची नाही, हे उघडच आहे. पण हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका पंडिताला शब्द आणि नृत्य यांचे लग्न लावावयाचे झाले तेव्हा त्याला मांडव वाशीमला घालावासा वाटला, ही गोष्ट मात्र खरी आहे. वऱ्हाडातल्या शाळांमधून ती मुलांना सांगितली जावी असे आम्हांला वाटते.

आता चाळांकडे वळू. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पण' या ग्रंथात नर्तकीच्या घुंगरांविषयी स्पष्ट नियम आहेत. घुंगरू काशाचे असावे, त्याचा आवाज गोड आणि आकार नीट असावा, निळ्या दोऱ्यात एका बोटाच्या अंतराने ते ओवावे, गाठी पक्क्या असाव्यात. एका पायाला शंभर किंवा दोनशे. नियम करणाऱ्याला दोऱ्याचा रंगदेखील सांगावासा वाटला, यावरून त्या वस्तूविषयीचे प्रेम कळते. कथकची नर्तकी आजही सुती दोरीत एकेक घुंगरू गाठ मारून ओवते. भरतनाट्यमच्या विद्यार्थिनी बहुधा चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेले घुंगरू घालतात. लावणीचे चाळ जाड आणि वजनदार. ते बांधले की पिंढरी भरून जाते, आणि तास-दोन तास त्यांच्यासह नाचल्यावर पायांची काय अवस्था होते हे नाचणारीलाच ठाऊक. वजन एवढे असूनही ढोलकीच्या एका थापेवर दोन्ही पायांचे सगळे घुंगरू एकदम थांबविता आले पाहिजेत. वाजविणे सोपे असते. कसब थांबविण्यात आहे.

असे हे कसब ज्या स्त्रियांनी शतकानुशतके जपले, त्यांना समाजाने काय दिले? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेली ही मुलगी वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापूंच्या फडात वाढली. तिच्याविषयी सांगितली जाणारी एक हकीकत अशी, की दिवस भरलेले असतानाही ती फडावर उभी होती. कळा सुरू झाल्या तशी ती पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास आली. प्रेक्षकांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनीच हात जोडून तिला थांबविले. ही हकीकत शौर्यकथा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांला ती तशी सांगवत नाही. तिकीट काढून बसलेल्या गर्दीसमोर त्या बाईला रजा मागण्याची सोय नव्हती, हेही त्यात आहे. आणि नाच तिच्या हाडीमांसी इतका भिनला होता की तिला परत यावेसे वाटले, हेही आहे. या दोहोंतले कोणते किती, ते ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा दोनदा गौरव झाला, १९५७ साली आणि १९९० साली. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि जानेवारी २००२ मध्ये ती वारली. आज राज्य शासन तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

यमुनाबाई वाईकर यांचे आयुष्य त्याहून दीर्घ. कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्मलेल्या यमुनाबाई लावणीच्या अदाकारीत अखेरपर्यंत रमल्या. बैठकीच्या लावणीत गायिका बसूनच नाचते, म्हणजे तिचे हात, मान, भुवया आणि डोळे नाचतात. पाय थकले तरी नृत्य संपू नये यासाठीच जणू आपल्या परंपरेने ही सोय करून ठेवली असावी. १९७७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री, आणि १५ मे २०१८ रोजी वाई येथे वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जन्मभर एका कलेवर प्रेम करणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर हे उदाहरण पुरे आहे.

याच काळात पुण्यात रोहिणी भाटे नावाची एक सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणी कथक शिकत होती. १९४७ साली तिने 'नृत्यभारती' ही संस्था काढली आणि २००८ साली तिचे निधन होईपर्यंत शेकडो मुली तेथे तयार झाल्या. तिने सोसलेली टीका आणि घेतलेले कष्ट थोडे नव्हते. तिच्यामुळेच आज मराठी घरांतल्या मुली क्लासला जाताना घुंगरांची पिशवी खांद्यावर टाकून उजळ माथ्याने रस्त्याने चालतात. तरीही एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. तेच पितळ, तोच दोरा, तीच गाठ. पुण्यातल्या सभागृहात त्यांना 'घुंगरू' म्हणावयाचे आणि ती नृत्यकला; जत्रेतल्या कनातीत त्यांनाच 'चाळ' म्हणावयाचे आणि तो तमाशा. भाषेने येथे वस्तूला नव्हे, तर ती घालणाऱ्या पायांच्या जातीला नावे ठेवली आहेत.

या अवहेलनेत आपल्या ख्रिस्ती समाजाचाही वाटा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. १८९३ साली मद्रासच्या समाजसुधारकांनी व्हाइसरॉयला आणि गव्हर्नरला अर्ज केला की नाचगाण्याच्या मेजवान्यांना त्यांनी हजेरी लावू नये. नाचविरोधी चळवळ म्हणून ती ओळखली जाते, आणि अनेक मिशनरी तिच्या बाजूने उभे होते. नर्तकींची होणारी पिळवणूक त्यांना दिसली, हे खरे आणि ते योग्यच होते. पण पिळवणूक करणारे श्रीमंत यजमान बाजूला राहिले आणि कलंक नर्तकीच्या माथी बसला. गोव्यात तर त्याआधीच, १७३६ साली, इन्क्विझिशनने फर्मान काढून नवख्रिस्ती घरांतल्या लग्नातल्या ओव्या आणि जुने रीतिरिवाज यांवर बंदी घातली होती.

पण नाचावयाची हौस फर्मानाने मरत नाही. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या सासष्टी भागातल्या ख्रिस्ती वाड्यांतून मांडो जन्माला आला. सूर अर्धा युरोपचा, अर्धा आपल्या मातीचा, शब्द कोंकणी, पुरुष आणि स्त्रिया समोरासमोरच्या दोन रांगांत, संथ, मोजक्या पावलांनी पुढे येतात, मागे जातात. स्त्रियांच्या अंगावर तोरोप-बाजू, हातात पंखा आणि पायांत चिनेलां, म्हणजे मखमली सपाता. घुंगरू नाहीत. पाऊल उचलावयाचे ते जेमतेम घसरल्यासारखे, कारण सपाता पायातून सुटता कामा नयेत. म्हणजे येथे पायातल्या वस्तूने नाचाची चाल ठरविली! सपाता नवी असली की ती अधिकच सांभाळावी लागते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको.

नव्या जोड्याविषयीची ही हौस आणि तिच्यामागची टोचणी कोणी अचूक पकडली असेल तर ती डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने. तो चांभाराचा मुलगा. दृढीकरणाच्या दिवशी त्याला पहिल्यांदाच नवे बूट मिळाले आणि मंदिरात चालताना ते करकर वाजू लागले. बूट नवे आहेत हे साऱ्यांना ऐकू जात आहे याचा त्याला अतोनात आनंद झाला. आणि देवाऐवजी आपले चित्त बुटांत आहे म्हणून तितकेच वाईटही वाटले. त्याने हे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. १८४५ साली त्याने 'लाल बूट' ही गोष्ट लिहिली. तीत मंदिरात लाल बुटांचाच विचार करणाऱ्या मुलीचे बूट तिला थांबू देत नाहीत. ती नाचत राहते, आणि शेवटी पाय तोडून घ्यावे लागतात. भयंकर गोष्ट आहे. आमच्या कोल्हापूर भागातले कारागीर मात्र वहाणेच्या थरांत मुद्दाम बिया घालतात, ती चालताना करकरावी म्हणून! तेथल्या रांगड्या माणसाला त्यात पाप दिसले नाही. या बाबतीत आम्ही अँडरसनपेक्षा कोल्हापूरच्या बाजूचे आहोत.

पवित्र शास्त्रात काय आहे? हेरोदियेच्या मुलीचा नाच आहे, आणि त्याची किंमत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिराने चुकती झाली. नाचावर टीका करणाऱ्यांनी हा दाखला नेहमी दिला. पण मिर्यामचा नाचही आहे, डफ घेऊन, समुद्र ओलांडल्यानंतर. दावीद राजाचाही आहे. कराराच्या कोशापुढे राजा सर्व शक्तीनिशी नाचला आणि त्याची राणी मीखल खिडकीतून ते पाहून मनात त्याला तुच्छ लेखू लागली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला तो सहावा अध्याय घरी वाचताना आपण सहसा दावीदाच्या जागी स्वतःला पाहतो. खिडकीतही कोणीतरी उभे असते.

उधळ्या पुत्राचा दाखला तर प्रत्येक उपवासकाळात आपल्या कानांवर पडतो. बाप त्या मुलासाठी काय काय मागवितो? झगा, अंगठी आणि पायांत जोडा. आणि थोरला भाऊ शेतावरून येतो तेव्हा त्याला काय ऐकू येते? गाणे आणि नाच. नवा जोडा आणि नाच प्रभू येशूने एकाच गोष्टीत, काही ओळींच्या अंतराने ठेवले आहेत. प्रवचनांतून झग्यावर पुष्कळ बोलले जाते. जोड्यावर आम्ही फारसे ऐकलेले नाही. गुलाम अनवाणी असत आणि घरचा मुलगा जोडा घाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नव्या जोड्याचे मोल कळते.

आपल्या धर्मसभेनेही नाच पूर्णपणे कधी बाहेर ठेवला नाही. स्पेनमध्ये सेव्हिलच्या महामंदिरात ख्रिस्तशरीराच्या सणाला मुलगे पवित्र साक्रामेंतापुढे नाचतात. त्यांना 'सेइसेस' म्हणतात. एका आर्चबिशपांनी ते बंद करावयाचे ठरविले तेव्हा मुलांना रोमला नेण्यात आले, त्यांचा नाच पाहून पोप महाशय प्रसन्न झाले आणि अंगावरचे कपडे टिकतील तोवर नाचा असे म्हणाले, अशी तेथली आख्यायिका. तेव्हापासून पोशाख कधीच सबंध नवा करीत नाहीत. एकदा बाही, एकदा गळपट्टी असा तुकड्यातुकड्याने तो बदलतात. १९७५ साली रोमहून आलेल्या एका टिपणात पाश्चात्त्य देशांतील उपासनेत नृत्य आणू नये असे सांगण्यात आले. पण १९८८ साली झाईरच्या मिस्साविधीला मान्यता मिळाली, आणि १९९४ च्या सांस्कृतिकीकरणाविषयीच्या निर्देशांत ज्या लोकांमध्ये नृत्य ही प्रार्थनेचीच भाषा आहे तेथे त्याला जागा देण्यात आली. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात जर्मनीहून आलेले फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्तचरित्रावर भारतीय नृत्यनाट्ये उभी केली. पुढे फ्रान्सिस बार्बोझा यांनी बडोद्याला भरतनाट्यम शिकून ख्रिस्ती विषयांसाठी नव्या हस्तमुद्रा रचल्या. आज धर्मग्रामाच्या सणाला अर्पणाच्या वेळी मुली नाचत पुढे येतात त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत.

मात्र त्या मुलींचे पुढे काय होते? साखरपुडा झाला की घुंगरांची पिशवी माळ्यावर जाते. कोणी रागावून बंदी घालते असेही नसते. 'आता कुठे शोभते' एवढे एक वाक्य पुरते. मुलगा चाळिशीत फुटबॉलचे नवे बूट घेऊन आला तर घर कौतुकाने हसते. त्याच्या बायकोने नवे घुंगरू आणले तर शेजारीपाजारी विचारतात, कोणासाठी?

येथे पुन्हा वाशीम जिल्ह्यात यावे लागते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र; संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हिंडणारा हा समाज. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडातल्या त्यांच्या धंद्याचा कणा मोडला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का पुढे अनेक तांड्यांवर बसला आणि तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी निघाला. धंदा गेला, नाव बिघडले. नाच मात्र तांड्याने सोडला नाही. होळीला डफावर लेंगी म्हटली जाते. श्रावणात तीज येते, मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि रात्री फेर धरतात. त्या फेरात आजी, सून आणि नात यांच्यासाठी वेगळी जागा नसते. आरशांचा घागरा आणि पायांतले चांदीचे जड वाळे हेच त्यांचे वाद्य. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उघडले. त्याची इमारत नंगाऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या मोठ्या नगाऱ्याच्या घाटाची आहे. शहरी माणसाने संग्रहालय जरूर पाहावे, आणि जमल्यास एखाद्या तांड्यावरची तीजही पाहावी.

राहता राहिली नवे चाळ घेण्याची गोष्ट. ज्यांच्या माळ्यावर जुनी पिशवी असेल त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून सांगतो. घुंगरू वजनावर घेऊ नयेत. एकेक कानाशी हलवून पाहावा. ज्याचा आवाज बद्द येतो तो बाजूला ठेवावा. दोरी सुती घ्यावी, कारण नायलॉनची गाठ सैल पडते. पहिले काही दिवस नवी दोरी घोट्याला काचते, घुंगरू ताठ राहतात आणि आवाज फुटका वाटतो. पायाच्या घामाने दोरी मऊ झाली की ते एकत्र बोलू लागतात. पन्नाशीच्या पुढच्या बाईने शंभरऐवजी पंचवीस ओवले तरी चालतात.